मेंदूतला रक्तस्राव: ऑपरेशन कधी, कोणतं आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, रक्तदाबाचा जुना त्रास. अचानक उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, मेंदूच्या खोल भागात सुमारे ३५ मिलिलिटर रक्तस्राव दिसला. हाक मारली की डोळे उघडतात. एक न्यूरोसर्जन म्हणतात, सध्या औषधांवर ठेवू. दुसरे म्हणतात, ऑपरेशन करून रक्त काढू. कोणाचं ऐकायचं, आणि ऑपरेशनचे पर्याय तरी कोणते?

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. खोल जागेतला, मध्यम आकाराचा रक्तस्राव हा न्यूरोसर्जरीतला सर्वांत जास्त वादाचा कोपरा आहे. त्या वादाकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा. रक्त काढलं की लुळी पडलेली बाजू पुन्हा चालू होईल, या आशेवर बरीच घरं संमतीपत्रावर सही करतात. रक्त घुसताना जे तंतू फाटले ते पहिल्या काही मिनिटांतच गेलेले असतात आणि कोणतीही शस्त्रक्रिया ते जोडून देत नाही. शस्त्रक्रिया कवटीतला दाब उतरवते. त्या दाबाखाली जो मेंदू अजून तग धरून आहे, त्याला वाचवण्याची संधी देते. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की या ऑपरेशनने नेमकं काय साधायचं आहे: जीव वाचवणं, अपंगत्व कमी करणं, की दोन्ही? उत्तरावरून पुढचं बरंच उलगडतं.

दाबाचं गणित असं. मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिलिलिटर जागा असते. त्यातली ८० टक्के मेंदूने व्यापलेली, उरलेल्या जागेत रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. कवटी ताणली जात नाही. आत गुठळी झाली की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि तोवर दाब फारसा वाढत नाही. ही सवलत संपली की मात्र आणखी ५-१० मिलिलिटरनेही दाब झपाट्याने चढतो. सकाळी बोलणारा रुग्ण दुपारी बेशुद्ध होतो तो यामुळे. वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि मोकळी जागा वाढते, त्यामुळे ३५ मिलिलिटरची गुठळी ८० वर्षांच्या माणसाला कधीकधी सहन होते आणि ४० वर्षांच्या माणसाचा जीव धोक्यात आणते. नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही.

हा आकडा येतो कुठून, हेही सांगून टाकतो. स्कॅनवर गुठळीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि दोनने भागायचं. ४.५ × ४ × ४ म्हणजे ७२, त्याचे निम्मे ३६ मिलिलिटर. गुठळी वेडीवाकडी असेल तर हा अंदाज चुकतो. दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले तर लगेच संशय घेऊ नका.

आता प्रकार. कवटीच्या आत पण मेंदूच्या बाहेर झालेला रक्तस्राव ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मतभेद कमी आहेत. डोक्याला मार लागून हाड आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त ३० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर रुग्ण शुद्धीवर असला तरी ऑपरेशन करायचं, आणि तेही घाईने. इथे मेंदूला स्वतःला इजा कमी असते, त्यामुळे वेळेत रक्त काढलं तर माणूस पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. आवरणाच्या खाली साचलेलं ताजं रक्त १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा मेंदू मध्यरेषेपासून ५ मिलिमीटरहून जास्त सरकला असेल, तरी कवटी उघडावी लागते. याच जागी वयस्कर माणसांत किरकोळ धक्क्यानंतर काही आठवड्यांनी पातळ, काळपट रक्त साचतं. त्याला कवटीत एक-दोन छिद्रं पाडून रक्त वाहून जाऊ देणं पुरतं. तिथे नळी ठेवली तर पुन्हा रक्त साचण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर येतं, हे २००९ च्या चाचणीत दिसलं. मेंदूच्या पृष्ठभागावरचा रक्तवाहिनीचा फुगा फुटला असेल तर उपाय त्या फुग्यावर करायचा असतो: बाहेरून क्लिप लावून, किंवा मांडीतून अथवा मनगटातून नळी नेऊन आतून कॉइल भरून.

हे सांगण्याचं कारण असं की ओळखीतला कुणीतरी 'आमच्या काकांचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी चालायला लागले' असं सांगतो आणि घरचे गोंधळतात. काकांचा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या बाहेरचा असतो. वडिलांचा मेंदूच्या आतला आहे, आणि तिथे जागा फार महत्त्वाची.

सगळ्यांत स्पष्ट निर्णय लहान मेंदूच्या रक्तस्रावात असतो. डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूची ती जागा अरुंद असते आणि समोर लगेच मेंदूचा देठ येतो, जिथून श्वास आणि शुद्ध चालते. गुठळीने मधली वाट दाबली की मेंदूतल्या पाण्याच्या वरच्या पोकळ्यांत पाणी तुंबतं. असा रुग्ण उलट्या करतो, चक्कर सांगतो, बोलतोही, आणि काही तासांत श्वास थांबण्यापर्यंत मजल जाते. गुठळी १५ मिलिलिटर किंवा त्याहून मोठी असेल, रुग्ण पेंगायला लागला असेल, पाणी तुंबलं असेल किंवा देठ दाबला जात असेल, तर मागचं हाड काढून रक्त काढायचं. यात वाट पाहणं मला पटत नाही. 'आधी फक्त तुंबलेलं पाणी काढायची नळी टाकून बघू' हा मधला मार्गही धोक्याचा आहे, कारण वरचा दाब एकदम उतरला आणि खालची गुठळी तशीच राहिली तर लहान मेंदू वर ढकलला जाऊ शकतो. या ऑपरेशनने जीव वाचण्याचं प्रमाण वाढतं. अपंगत्वही कमी होतं का, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. तरीही लहान मेंदूच्या एका बाजूचा बराच भाग गमावलेली माणसं पुढे चालतात आणि स्वतःचं स्वतः करतात.

मेंदूच्या देठातच रक्तस्राव झाला असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. तिथे पोचायची वाटच जगायला लागणाऱ्या भागांतून जाते.

थॅलॅमस हा मेंदूचा भाग खोल आणि मध्यभागी असतो. तिथली गुठळी काढायला सहसा कुणी जात नाही, पण तिथलं रक्त शेजारच्या पाण्याच्या पोकळीत फुटतं आणि पाणी अडतं. मेंदूत दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होत असतं, म्हणजे वाट अडली की दाब वाढायला वेळ लागत नाही. मग कपाळाच्या वर, बहुधा उजव्या बाजूला, छोटं छिद्र पाडून पोकळीत नळी सोडतात आणि पाणी बाहेरच्या पिशवीत घेतात. रोजच्या बोलण्यात आम्ही हिला ईव्हीडी म्हणतो. काम छोटं वाटतं, पण रुग्ण वाचवण्यात याचा वाटा मोठा असतो. पिशवी किती उंचीवर टांगली आहे यावर किती पाणी बाहेर येईल ते ठरतं. म्हणून आयसीयूत रुग्णाला बरं वाटावं म्हणून पलंगाची उशाकडची बाजू नातेवाइकांनी परस्पर वर-खाली करू नये, नर्सला सांगावं. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, आणि ती काढल्यावर पाणी पुन्हा तुंबलं तर पोटात पाणी नेणारी कायमची शंट बसवावी लागते.

पोकळ्यांत भरलेलं रक्त नळीतून औषध देऊन विरघळवता येतं. याची मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, ५०० रुग्णांची. औषध दिलेल्या गटात मृत्यू १८ टक्के, न दिलेल्या गटात २९ टक्के. ऐकायला छान. पण बऱ्या अवस्थेत पोचलेले रुग्ण ४८ विरुद्ध ४५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. जे जास्तीचे लोक वाचले त्यांच्यातले बरेच पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून राहिले. हे आकडे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो, कारण 'वाचले' या शब्दात काय काय येतं ते आधी ठाऊक असायला हवं. काही घरांना त्या अवस्थेतलं जगणं मान्य असतं, काहींना नसतं. रुग्णाला काय मान्य झालं असतं, हे डॉक्टरपेक्षा घरच्यांनाच जास्त ठाऊक असतं.

आता वादाचा भाग: मेंदूच्या वरच्या पाळ्यांमधला (म्हणजे पृष्ठभागाकडच्या मोठ्या भागांतला) आणि खोल गाभ्यातला रक्तस्राव. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये १८० रुग्णांवर पहिली पद्धतशीर तुलना झाली आणि ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. सीटी स्कॅन आला, मायक्रोस्कोप आला, आणि २००५ मध्ये 'स्टिच' या चाचणीत १०३३ रुग्णांची तुलना झाली. लवकर ऑपरेशन केलेल्यांत २६ टक्के बऱ्या अवस्थेत, आधी औषधांवर ठेवलेल्यांत २४ टक्के. फरक नगण्य. २०१३ च्या दुसऱ्या 'स्टिच'मध्ये पृष्ठभागाजवळच्या गुठळ्या असलेले ६०१ रुग्ण घेतले, तरी ठाम फायदा सिद्ध झाला नाही.

यावरून 'ऑपरेशन निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणारेही आहेत. मला तो घाईचा वाटतो. ज्या रुग्णाला ऑपरेशन लागणारच अशी सर्जनची खात्री होती, त्याला या चाचण्यांत घेतलंच जात नव्हतं. शिवाय पहिल्या चाचणीत औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचं प्रकृती ढासळल्यावर शेवटी ऑपरेशन झालंच. म्हणजे तुलना 'ऑपरेशन की औषधं' अशी नव्हती; 'आत्ताच ऑपरेशन की लागलं तर नंतर' अशी होती. तुमच्या पहिल्या सर्जनचं म्हणणं बहुधा या पुराव्यावर उभं आहे.

दुसऱ्यांचं म्हणणं कशावर उभं असेल ते समजायला पद्धती पाहाव्या लागतील. पारंपरिक पद्धतीत कवटीचा तुकडा कापून बाजूला करतात, आवरण उघडतात, मेंदूच्या घडीतून वाट काढत मायक्रोस्कोपखाली गुठळीपर्यंत जातात, ती हलक्या सक्शनने ओढतात आणि रक्त येणारी जागा जाळून बंद करतात. ताजी गुठळी जेलीसारखी असते, पण कडेला मेंदूला चिकटलेली असते. तो थर खरवडायचा नसतो. गुठळी पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर आत असेल तर हे काम सरळ आहे. चार सेंटिमीटर आत असेल तर वाटेतला धड मेंदूही दुखावतो, आणि रक्त काढून मिळालेला फायदा तिथेच खर्ची पडतो.

ही वाट अरुंद करण्यासाठी गेल्या काही वर्षांत कमी छेदाच्या पद्धती आल्या. एकीत स्कॅनच्या मार्गदर्शनाने बारीक नळी गुठळीच्या मध्यात नेतात, निघेल तेवढं रक्त ओढतात आणि नंतर दर आठ तासांनी गुठळी विरघळवणारं औषध थोडं थोडं सोडतात. या पद्धतीच्या 'मिस्टी' चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात, २०१९ मध्ये, वर्षभरानंतर बऱ्या अवस्थेत ४५ विरुद्ध ४१ टक्के रुग्ण होते, म्हणजे ठोस फरक नाही. मात्र ज्यांच्यात उरलेली गुठळी १५ मिलिलिटर किंवा त्याखाली आणता आली, ते रुग्ण जास्त चांगले राहिले. दुसऱ्या पद्धतीत छोट्या छिद्रातून एंडोस्कोप घालून डोळ्यांसमोर गुठळी ओढतात. तिसरीत मेंदूच्या तंतूंच्या दिशेला समांतर अशी पारदर्शक नळी सरकवतात, त्यामुळे तंतू कापले न जाता बाजूला होतात, आणि त्या नळीतून रक्त काढतात.

या तिसऱ्या पद्धतीची 'एनरिच' चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३०० रुग्ण, गुठळी ३० ते ८० मिलिलिटर, ऑपरेशन २४ तासांच्या आत. ३० दिवसांतले मृत्यू ९.३ टक्के, औषधोपचाराच्या गटात १८ टक्के. सहा महिन्यांनंतरची कार्यक्षमताही बरी. मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात ऑपरेशनच्या बाजूने इतका स्पष्ट निकाल याआधी आलेला नव्हता. पण हा फायदा पाळ्यांमधल्या गुठळ्यांत दिसला. खोल गाभ्यातल्या रुग्णांत फायद्याची चिन्हं न दिसल्यामुळे तशा रुग्णांची भरती मध्येच थांबवावी लागली. चाचणीचा खर्च उपकरण बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हेही लक्षात ठेवावं. त्याने निकाल खोटा ठरत नाही, पण स्वतंत्र चाचण्यांची वाट पाहणं योग्य. वडिलांचा रक्तस्राव खोल आहे, तेव्हा 'नवीन पद्धतीने मृत्यू निम्मे झाले' हे वाक्य त्यांना जसंच्या तसं लागू होत नाही.

आणखी एक पर्याय आहे, ज्यात गुठळीला हातच लावत नाहीत. कवटीचा मोठा तुकडा, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटर, काढून ठेवायचा आणि आवरण सैल करून सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या बाजूला जागा द्यायची. खोल आणि मोठ्या रक्तस्रावासाठी याची 'स्विच' ही चाचणी २०२४ मध्येच आली. मृत्यू किंवा अतितीव्र अपंगत्व ५८ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निसटता आहे आणि वाचलेल्यांत अपंगत्व मोठंच होतं. काढलेलं हाड अतिशीत पेटीत किंवा रुग्णाच्या पोटाच्या कातडीखाली जपतात आणि सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी ते महिन्यांनी, परत बसवतात. तोवर त्या बाजूला हाड नसतं. पडणं, आपटणं टाळायला हवं.

वेळेचा प्रश्न अवघड आहे. साधारण एकतृतीयांश रुग्णांत पहिल्या काही तासांत गुठळी वाढते. मग लगेच काढावी, असं वाटतं. पण पहिल्या चार तासांत ऑपरेशन करून पाहणाऱ्या छोट्या अभ्यासात पुन्हा रक्तस्राव इतका झाला की तो आवरता घ्यावा लागला. त्यामुळे त्या पहिल्या तासांत सर्जनच्या सुरीपेक्षा आयसीयूचं काम जास्त मोलाचं. वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणून तिथेच स्थिर ठेवायचा, वर-खाली हेलकावे होऊ द्यायचे नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा उतारा ताबडतोब द्यायचा: वॉरफरिनसाठी प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स आणि व्हिटॅमिन के, डॅबिगट्रानसाठी इडारुसिझुमॅब. म्हणून कोणती गोळी आणि शेवटची कधी घेतली, हे घरच्यांनी आठवून सांगणं फार महत्त्वाचं. ॲस्पिरिन चालू आहे म्हणून प्लेटलेट चढवा असा आग्रह मात्र धरू नये. ऑपरेशन ठरलेलं नसेल तर त्याने नुकसान होतं, हे २०१६ मध्ये दिसून आलं.

रुग्ण तरुण असेल, रक्तदाब नसेल, किंवा रक्तस्राव नेहमीच्या जागी नसेल, तर ऑपरेशनआधी रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ हवाच. रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यावर नकळत हात पडला तर टेबलावरच रक्त आवरत नाही. उलट सत्तरीपुढे मेंदूच्या पाळ्यांमधला रक्तस्राव बऱ्याचदा अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून ठिसूळ झालेल्या वाहिन्यांचा असतो. तिथे रक्त काढता येतं, पण पुन्हा दुसरीकडे फुटण्याचा धोका राहतो.

ऑपरेशन करू नये अशा अवस्थाही आहेत. १० मिलिलिटरची गुठळी आणि पूर्ण शुद्धीतला रुग्ण: गरज नाही, रक्त आपोआप शोषलं जातं. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देत नसतील, श्वास नसेल, देठाचे कोणतेच प्रतिसाद उरले नसतील: उपयोग नाही. मधल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र पहिल्याच रात्री 'काही उरलं नाही' म्हणून उपचार आखडते घेऊ नयेत. किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत सगळे उपचार द्यावेत, असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

आता वडिलांकडे. स्कॅन आणि रुग्ण न पाहता मी निर्णय देणार नाही, पण लिहिलेल्या माहितीवरून माझा कल पुढचे दोन-तीन दिवस आयसीयूत बारकाईने लक्ष ठेवण्याकडे आहे. हाकेला डोळे उघडतात ही जमेची बाजू. शुद्धीचा गुणांक (आयसीयूत ठरावीक वेळाने नोंदतात तो ग्लासगो स्कोअर) दोनने घसरला, दुसऱ्या स्कॅनमध्ये गुठळी वाढली, मेंदू मध्यरेषेपासून आणखी सरकला किंवा पोकळ्यांत पाणी तुंबलं, तर मी मत बदलेन आणि वेळ घालवणार नाही. तेव्हा करायचं ऑपरेशन जीव वाचवण्यासाठी असेल. बोलणं आणि उजवा हात यांची सुधारणा पुढचे तीन ते सहा महिने, काहींत वर्षभर, फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारांनी होते, ऑपरेशन झालेलं असो वा नसो.

दुसऱ्या सर्जनना तीन गोष्टी विचारा. कोणत्या पद्धतीने जाणार, वाटेत कोणता भाग येतो, आणि त्यांच्या मते थांबण्यात काय धोका आहे. शुद्ध हळूहळू उतरते आहे किंवा स्कॅनमध्ये सरकणं वाढतं आहे असं त्यांनी दाखवलं, तर त्यांचं पारडं जड. तिसरं मत घ्यायचं असेल तर फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. दोन्ही स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल सीडीवर घ्या, सोबत आयसीयूचा शुद्धीच्या नोंदींचा तक्ता आणि चालू औषधांची यादी जोडा. एवढं हातात असेल तर दुसऱ्या गावातला न्यूरोसर्जनही अर्ध्या तासात उपयोगी मत देऊ शकतो.